आठाची कळ

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हंसूं येईल. छत्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलेला, मॅट्रिकच्या पुढें ज्याची मजल गेली नाहीं असा एक जुना शाळामास्तर लॅपटॉपच्या कीबोर्डाविषयीं काय बोलणार, अशी शंका कोणासहि येणें स्वाभाविक आहे. परंतु भाकरी करपली आहे हें ओळखण्यासाठीं खाणाराला ती थापतां यावी लागत नाहीं. आणि मी आज बोलणार आहें तें खाणाराच्या बाजूनें, थापणाराच्या नव्हे.

कीबोर्डास सरकारी मराठींत ‘कळफलक’ म्हणतात. हा शब्द मला मनापासून आवडतो. कारण कळ या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. एक यंत्राची कळ आणि दुसरी दांतांत किंवा पोटांत उठणारी कळ. पहिली बिघडली म्हणजे दुसरी कशी उठते, याचीच आजची हकीकत आहे.

मी चंद्रपुरास राहतों. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. माझ्या नोकरीचीं बरींच वर्षें त्या जिल्ह्यांतील धानोरा तालुक्याच्या शाळांत गेलीं. तेथला माझा एक विद्यार्थी आतां तिशी ओलांडलेला असून आपल्या गांवच्या ग्रामसभेचा सचिव आहे. शहरांतील श्रोत्यांना ग्रामसभेचा सचिव म्हणजे काय, याची कल्पना नसेल म्हणून दोन शब्द सांगतों. २००६ सालीं वनहक्काचा कायदा झाला. त्या कायद्याखालीं २००९ सालीं याच धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास आपल्या शिवारांतील वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपला बांबू आपण विकण्याचा परवानाहि त्या गांवानें स्वतःच्या हातीं घेतला. पुढें जिल्ह्यांतील इतर पुष्कळ ग्रामसभा त्या वाटेनें गेल्या. बांबू आणि तेंदूपत्ता यांचे लिलाव त्या स्वतः करूं लागल्या. पूर्वीं जो हिशेब कंत्राटदाराचा मुन्शी वहींत लिहीत असे, तो आतां गांवचाच एखादा शिकलेला मुलगा लॅपटॉपवर लिहितो. कोणत्या घरानें फळीवर किती पुडके आणले, त्याची मजुरी किती, बँकेंतील खात्याचा क्रमांक कोणता, हें सर्व तो भरतो आणि ती यादी बँकेकडे जाते. म्हणजे त्या मुलाच्या दहा बोटांवर साऱ्या गांवाची उन्हाळ्याची कमाई अवलंबून असते.

हा लॅपटॉप घ्यावयाचा ठरला तेव्हां सचिव माझा सल्ला घेण्यास चंद्रपुरास आला. मी त्याच्याबरोबर दुकानांत गेलों. तेथें दोन प्रकारचीं यंत्रें मांडलेलीं होतीं. एक जाड, काळें, जुन्या पाटीपेटीसारखें. दुसरें चंदेरी, वहीइतकें पातळ. दुकानदारानें तें पातळ यंत्र दोन बोटांवर तोलून दाखविलें. मीं मनाशीं विचार केला, कीं पोराला हें मोटरसायकलवर पाठीला लावून जंगलांतून न्यावयाचें आहे. जितकें हलकें तितकें बरें. खरें सांगावयाचें तर हा विचार मागाहून आला. आधीं डोळे दिपले होते. मीं त्याच यंत्राकडे बोट दाखविलें आणि गुरुजींचा शब्द म्हणून ग्रामसभेनें तें घेतलें. तो एप्रिल महिना होता.

पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत एकदां आठ या आंकड्याची कळ अडली. सचिवानें तिच्यावर फुंकर मारली, ती पुन्हां चालूं लागली, आणि ती गोष्ट तो विसरून गेला. मे महिन्यांत तेंदूपत्त्याचा हंगाम झाला. जूनच्या आरंभीं मजुरीची यादी बँकेंत गेली. चौथ्या दिवशीं एक विधवा बाई पासबुक घेऊन सचिवाच्या दारांत उभी राहिली. तिच्या मजुरीचे आठ हजार आठशे रुपये व्हावयाचे होते. खात्यांत आठशे जमा होते. पहिला पाऊस तोंडावर आला होता आणि तिला धानाचें बियाणें घ्यावयाचें होतें. संध्याकाळपर्यंत असेंच कमी पैसे मिळालेलीं आणखी दहा घरें निघालीं. गांवांत कुजबूज सुरू झाली. ज्या गांवानें पिढ्यान्‌पिढ्या मुन्शीच्या आंकड्यांनीं मार खाल्लेला असतो, त्या गांवाला आंकडा चुकला कीं पहिला संशय कोणता येतो, हें मीं आपणांस सांगावयास नको.

त्या रात्रीं सचिवाचा मला फोन आला. त्याचें पहिलेंच वाक्य होतें, “गुरुजी, मी पैसे नाहीं खाल्लो जी.” श्रोतेहो, मीं त्याला दुसरीपासून शिकविलें आहे. त्याच्या हिशेबाच्या वहींत मीं कधीं खाडाखोड पाहिली नाहीं. परंतु माझा विश्वास त्याच्या गांवाला काय उपयोगाचा? मीं त्यास एवढेंच सांगितलें, कीं उद्यां सभा बोलाव, यंत्र आणि ग्रामसभेचें पासबुक दोन्हीं मध्यें ठेव, आणि मी येतों.

दुसऱ्या दिवशीं झाडाखालीं सभा भरली. सचिवानें लॅपटॉप उघडला आणि गांवांतील एका म्हाताऱ्या पुढाऱ्याला आठाची कळ दहा वेळां दाबावयास सांगितली. म्हाताऱ्यानें एकेक वेळ मोठ्यानें मोजून ती दाबली. पडद्यावर सात आठ उमटले. पुन्हां दहा वेळां दाबली. या खेपेस अकरा उमटले, कारण एकदां कळ अडकून आंकडा दुबार आला. मग ग्रामसभेचें पासबुक वाचलें गेलें. जेवढे पैसे अकरा घरांना कमी गेले होते, तेवढे सारे खात्यांत जसेच्या तसे शिल्लक होते. आठ हजार आठशे लिहितांना एक आठ उमटला नाहीं म्हणून आठशे झाले. बेरीज करणारें यंत्र जें लिहिलें गेलें त्याचीच बेरीज करीत असल्यामुळें त्यानें कांहीं तक्रार केली नाहीं. उरलेले पैसे त्याच आठवड्यांत पोंचले आणि बाईचें बियाणें वेळेवर आलें. परंतु एका प्रामाणिक मुलानें दोन दिवस आणि एक रात्र चोर म्हणून काढली. त्या यंत्राची निवड माझी होती, ही गोष्ट मला अजून बोचते. म्हणूनच मीं या विषयाच्या मुळाशीं जाण्याचा प्रयत्न केला.

आतां ही कळ चालते कशी, तें पाहूं. जुन्या टाइपरायटरांत प्रत्येक कळ म्हणजे एक स्वतंत्र लोखंडी दांडा असे. बोट एक सेंटिमीटरहून अधिक खालीं जाई, दांडा उसळे आणि कागदावर ठोका पडे. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारांत आणला आणि २००९ सालीं हें उत्पादन थांबविलें. मधल्या काळांत तहसील कचेरीच्या आवारांत, झाडाखालीं, धुळींत आणि उन्हांत बसून टंकलेखकांनीं त्यावर हजारों अर्ज लिहिले. दांडा अडला तर दांतांचा जुना ब्रश आणि तेलाचा थेंब एवढ्यावर काम भागे.

संगणकाच्या कळेखालीं दांडा नसतो. तेथें पातळ प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे एकावर एक ठेवलेले असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या वाटा छापलेल्या असतात आणि मधल्या पापुद्र्याला कळेच्या जागीं भोंक असतें. कळ दाबली म्हणजे तिच्याखालचा रबराचा लहानसा घुमट दबतो, वरचा पापुद्रा भोंकांतून खालच्या पापुद्र्यास टेकतो, विजेची वाट पुरी होते आणि संगणकास कळतें कीं अमुक अक्षर हवें आहे. बोट उचलतांच रबर कळेला पुन्हां वर ढकलतें. लॅपटॉपमध्यें कळ वांकडी होऊं नये म्हणून तिच्याखालीं घडीच्या खुर्चीच्या पायांसारखी एक फुलीची जोडणी असते. टेबलावरच्या साध्या कीबोर्डावर बोट साडेतीन ते चार मिलिमीटर खालीं जातें; हल्लींच्या पुष्कळ लॅपटॉपवर तें दीड मिलिमीटर किंवा त्याहूनहि कमी जातें. यंत्र जितकें पातळ, तितकी ही जागा आखूड.

ही जागा आखूड झाली म्हणजे काय होतें, याचा सर्वांत मोठा धडा जगानें घेतला तो अमेरिकेंतील ॲपल कंपनीच्या उदाहरणावरून. २०१५ सालीं त्या कंपनीनें १३.१ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप काढला. त्याच्यासाठीं तिनें फुलीची जोडणी टाकून फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट करणारी नवी जोडणी बनविली. ती पूर्वीच्या जोडणीपेक्षां चाळीस टक्क्यांनीं पातळ होती आणि कळ जेमतेम अर्धा मिलिमीटर हलत असे. आतां बारीक वाळूचा एक कण मिलिमीटरचा दहावा ते चौथा हिस्सा भरतो. चार मिलिमीटरच्या वाटेंत असा कण पडला तर तो कोपऱ्यांत पडून राहील. अर्ध्या मिलिमीटरच्या वाटेंत तो दारांतला धोंडा होतो. अक्षरें उमटेनात, किंवा दोनदोनदां उमटूं लागलीं. २०१८ च्या मे महिन्यांत गिऱ्हाइकांनीं न्यायालयांत दावा लावला. जूनमध्यें कंपनीनें जगभर विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. जुलैमध्यें निघालेल्या नव्या यंत्रांत कळांखालीं मऊ पडदा बसलेला आढळला. तरीहि कुरकूर थांबली नाहीं. २०१९ च्या मार्चमध्यें वॉल स्ट्रीट जर्नल या पत्रांतील लेखिका जोआना स्टर्न यांनीं आपल्या बिघडलेल्या कीबोर्डावर ई आणि आर हीं अक्षरें उमटत नाहींत म्हणून त्या अक्षरांवांचूनच आपला लेख छापून आणला. कंपनीस दिलगिरी व्यक्त करावी लागली. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरांत तिनें एका यंत्रावर पुन्हां फुलीची जोडणी आणली आणि २०२० च्या मेपर्यंत आपल्या साऱ्या लॅपटॉपवर तीच बसविली. कळ पुन्हां एक मिलिमीटर हलूं लागली. दाव्याची तडजोड २०२२ सालीं ५ कोटी डॉलरांवर ठरली. कंपनीनें आपला दोष मात्र मान्य केला नाहीं, आणि ती रक्कम अमेरिकेंतील सात राज्यांच्या गिऱ्हाइकांपुरतीच होती. ज्या कंपनीपाशीं पैसा आणि बुद्धि यांचा तोटा नाहीं, तिलाहि अर्ध्या मिलिमीटरच्या हट्टापायीं पांच वर्षांनीं मागें यावें लागलें.

आतां हा धुळीचा कण चंद्रपुरांत आणून पाहा. येथें कोळशाच्या खाणी आहेत. २९२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशाच्या मोटारी रात्रंदिवस धांवत असतात. सकाळीं टेबल पुसावें तों दुपारीं त्यावर बोटानें नांव लिहितां येतें. २०१९ च्या मे महिन्यांत येथील पारा ४८ अंशांच्या घरांत गेला होता. पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत, वापराच्या जागेचें तपमान ३५ अंशांच्या आंत असावें, असें बारीक टाइपांत छापलेलें असतें. म्हणजे माहितीपत्रक अक्षरशः पाळावयाचें तर आमच्याकडे सबंध उन्हाळाभर यंत्र पेटींत बंद करून ठेवावें लागेल. आणि तेंदूपत्त्याचा हिशेब तर नेमका मे महिन्यांतच येतो! तिकडे गडचिरोलींत पावसाळ्यांत ओल अशी, कीं आगपेटीची काडी पेटत नाहीं. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडची वाट बंद होते. तेथील एखाद्या शिक्षकाच्या लॅपटॉपची कळ अडली तर तो नागपुरास जाणार कधीं आणि येणार कधीं? हीं यंत्रें ज्यांनीं आंखलीं, त्यांच्या डोळ्यांसमोर गार हवेची बंद खोली होती. धानोऱ्याचें झाड नव्हतें.

मराठी लिहिणाराची अडचण तर याहून मोठी आहे. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें ज्या कळफलकास मान्यता दिली, त्या इनस्क्रिप्ट पद्धतींत एकेका कळेवर दोन दोन अक्षरें बसविलेलीं आहेत. क आणि ख एकाच कळेवर. काना आणि आ एकाच कळेवर. अक्षराचा पाय मोडण्याचें चिन्ह आणि अ एकाच कळेवर. इंग्रजी लिहिणाराची एक कळ गेली तर त्याचें एक अक्षर जातें, आणि वाचणारा तें अंदाजानें भरून काढतो. आमची कान्याची कळ गेली तर काय होईल, पाहा. ‘माळ’ लिहावें तर ‘मळ’ होतो, ‘काम’ लिहावें तर ‘कम’ होतें, आणि ‘मान दिला’ लिहूं जातां ‘मन दिल’ असा घोटाळा होऊन लग्नपत्रिकेऐवजीं भलतेंच पत्र तयार होतें! हंसण्याजोगी गोष्ट आहे खरी. परंतु सातबाऱ्याच्या अर्जांत किंवा वनहक्काच्या दाव्यांत आडनांवाचा काना गेला, तर त्या माणसाला तलाठ्याच्या दारांत किती फेऱ्या घालाव्या लागतात, हें खेड्यांत राहणारे श्रोते जाणतात.

कळ बिघडली तर बदलून घ्यावी, यांत काय मोठेंसें, असें आपण म्हणाल. मलाहि तसेंच वाटलें. सचिवाला घेऊन मी दीडशे किलोमीटरवर नागपुरास दुरुस्तीच्या केंद्रांत गेलों. तेथील तरुण सभ्य होता. त्यानें आम्हांला यंत्र उलटें करून दाखविलें. जुन्या लॅपटॉपमध्यें कीबोर्ड हा स्वतंत्र भाग असे. दोनचार स्क्रू काढले, एक फीत सोडविली, कीं तो हातांत येई आणि नवा बसे. या पातळ यंत्रांत स्क्रूला जागाच ठेवलेली नाहीं. कीबोर्ड वरच्या झांकणाला प्लॅस्टिकच्या डझनावारी टांक्यांनीं कायमचा वितळवून बसविलेला, आणि त्याच झांकणाला बॅटरी डकविलेली. त्यामुळें आठाची एक कळ बदलावयाची तर झांकण, सारा कीबोर्ड आणि चांगली चालती बॅटरी, हें सर्व बदलावें लागणार. आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. हमीची मुदत संपून सात आठवडे झालेले. मीं त्यास विचारलें, “एक खिळा निघाला म्हणून सारा दरवाजा बदलावयाचा का?” तो म्हणाला, “काका, आमच्या हातांत काय आहे?” आणि तें खरेंच होतें. दोष त्याचा नव्हता. जेथें दुरुस्तीचा विचार व्हावयाचा, त्या आंखणीच्या टेबलावरच तो झाला नव्हता.

येथें कोणी म्हणेल, कीं मास्तर, आपण प्रगतीच्या विरुद्ध बोलत आहांत. तसें मुळींच नाहीं. हलकें यंत्र हें वरदान आहे. ज्या शिक्षिकेला रोज दोन बस बदलून शाळेंत जावयाचें असतें, तिच्या खांद्याला विचारा. माझें म्हणणें एवढेंच आहे, कीं पातळपणाची किंमत गिऱ्हाइकाला आधीं सांगितली पाहिजे. दुकानांत जाडी किती मिलिमीटर, तें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. कळ किती मिलिमीटर हलते, कीबोर्ड एकटा बदलतां येतो कीं नाहीं, त्यास काय पडेल, हें कोठेंच लिहिलेलें नसतें. फ्रान्स देशांत २०२१ सालापासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणें कायद्यानें सक्तीचें झालें. दहापैकीं किती, तें गिऱ्हाइकाला खोका पाहतांच कळूं लागलें. मास्तर या नात्यानें मला ही प्रगतिपुस्तकाची कल्पना फार पसंत पडली. आपल्याकडेहि केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २०२२ च्या जुलैमध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. आरंभ झाला आहे. परंतु लॅपटॉपच्या खोक्यावर गुण छापण्याची सक्ति करण्याइतकी मजल त्यानें गेलेली नाहीं.

आणि दोष आपल्याकडेहि आहेच. आपणच यंत्र हातांत तोलून ‘वा, काय पातळ आहे!’ असें म्हणतों. जाड यंत्राकडे आपण ढुंकूनहि पाहत नाहीं. मग कारखानदारानें जाड यंत्र बनवावें कोणासाठीं? नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण आपण सोनूबाईवर हंसण्यासाठीं वापरतों. परंतु तो वाळा विकत घेणाराहि कोणी असतोच. त्या दिवशीं दुकानांत तो मी होतों.

तेव्हां माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट, यंत्र घेण्यापूर्वीं दुकानांतच एक पानभर मजकूर लिहून पाहा. प्रत्येक कळ, विशेषतः आंकड्यांच्या कळा, दहा दहा वेळां दाबा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पुढें आपल्याला कंटाळण्यापेक्षां तें स्वस्त पडतें. दुसरी, कीबोर्ड एकटा बदलतां येतो का आणि त्याचा खर्च काय, हें पैसे देण्यापूर्वीं विचारा. तिसरी, यंत्रावर बसून खाऊं नका. काम झालें कीं झांकण मिटा आणि वर कापड घाला. आठवड्यांतून एकदां यंत्र बंद करून, तिरपें धरून, मऊ ब्रशानें कळांमधली धूळ काढा. ओलें फडकें लावूं नका. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कळ एकदांच अडली आणि पुन्हां चालूं लागली, तरी हमीच्या मुदतींत लेखी तक्रार करा आणि तिची पोंच जपून ठेवा. सचिवानें फेब्रुवारींत फुंकर मारली. त्याऐवजीं दोन ओळी लिहिल्या असत्या, तर जूनमध्यें त्याच्या हातांत पुरावा असता.

कारण पुरावा असेल तर कायदा आपल्या बाजूस आहे. या बाबतींत महाराष्ट्रानें देशाला वाट दाखविली, याचा आपणांस अभिमान वाटावा. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढील वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर म्हणजे १९८६ सालीं झाला. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून चालूं आहे, आणि त्यांत खेड्यांतील माणसाच्या दृष्टीनें एक मोठी सोय आहे: आपण जेथें राहतां, त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करतां येते, कंपनीची कचेरी मुंबईंत असो कीं बंगलोरांत. पांच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठीं फी पडत नाहीं. तक्रार दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर फोन करून राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राची मदत घेतां येते. हा क्रमांक मीं माझ्या दिनदर्शिकेवर लाल शाईनें लिहून ठेवला आहे. फोनच्या आंकड्यांच्या कळा अजून शाबूत आहेत, हें आपलें नशीब!

शेवटीं त्या यंत्राचें काय झालें, हें सांगून आपली रजा घेतों. नागपुराहून परततांना आम्ही चंद्रपुरास गांधी चौकांत उतरलों आणि टेबलावर ठेवावयाचा एक साधा, जाड, काळा कीबोर्ड घेतला. किंमत कांहीं शेंकडे रुपये. त्याची कळ चांगली खोल जाते आणि खट्‌ असा आवाज करते. आतां तो दोन बोटांवर तोलणारा चंदेरी लॅपटॉप आणि त्याच्याहून जाड असा हा कीबोर्ड, दोन्हीं सायकलच्या ट्यूबच्या रबरानें एकत्र बांधून सचिवाच्या पाठीवर हिंडत असतात. हलकेपणासाठीं जें घेतलें, त्याला असा जोडीदार मिळाला!

परंतु त्या गांवानें आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला कोणत्याहि यंत्रापेक्षां मोलाची वाटते. आतां यादी बँकेकडे जाण्यापूर्वीं झाडाखालीं तिचें चावडीवाचन होतें. एकेक नांव आणि त्यापुढचा आंकडा मोठ्यानें वाचला जातो. ज्याचें नांव तो उठून ‘बरोबर’ म्हणतो, आणि मगच पुढचें नांव. पहिल्या वाचनाला मी हजर होतों. त्या विधवा बाईचें नांव आलें तेव्हां ती उठली, तिनें आपला आंकडा ऐकला, ‘बरोबर’ म्हटलें, आणि मग सचिवाकडे वळून म्हणाली, “वाच बाबू, पुढचें वाच.” त्या चार शब्दांनीं त्या मुलाच्या चेहऱ्यावरचें ओझें उतरलेलें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि थोडें माझ्याहि मनावरचें उतरलें.

यंत्रें बारीक होवोत कीं जाड होवोत. आंकडा माणसानें माणसाला वाचून दाखवावा, ही जुनी रीत आपण सोडूं नये.